ढगांसाठी पिवळी काच

बाबा, आज दरफळणीच्या सणाचा आदला दिवस. दुपार कलली आहे. संध्याकाळी उपास लागला की पेन हातात धरता येणार नाही, म्हणून आत्ताच लिहायला बसले. आपल्या कोकणातल्या ज्यूंमधली जुनी माणसं म्हणायची की आज आपली वारलेली माणसं घरी येतात, उद्याचा दिवस आपल्यासोबत बंद दाराआड बसतात आणि परवा, शिळ्या सणाच्या सकाळी, दार उघडलं की परत जातात. यावर माझा विश्वास आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तुम्ही गेलात तो दिवस शिळ्या सणाचाच होता. तुम्हाला पाण्यानं नेलं, आणि तेही अशा गावात जिथे प्यायचं पाणी टाकीच्या गाडीतून यायचं. इतक्या वर्षांत मी हे कोणाला सरळ सांगितलेलं नाही. सांगायचं तर सुरुवात मी तुम्हाला दिलेल्या त्या भेटवस्तूपासून करावी लागते.

तेव्हा घरात आपण दोघंच. आई मुंबईतच वारली, आणि माझा नवरा आपण बोटीत बसण्याच्या आधीच्या हिवाळ्यात. डिमोनात, नेगेवच्या वाळवंटातल्या त्या नव्या गावात, आपल्याला दोन खोल्या मिळाल्या. भिंतींचा चुना अजून ओला, आणि खिडकीतून पाहावं तर नुसती माती. मुंबईच्या ट्राम डेपोत तुम्ही फिटर होता. इथे रस्त्याच्या कामावर खडी पसरायला लागलात. मी कामगारांच्या खानावळीत कांदे चिरायची. तुमच्या हाताला फोड आले, पण तुम्ही एकदाही कुरकुरला नाहीत, कारण रविवार ते गुरुवार काही झालं तरी संध्याकाळी तो काळा डबा-कॅमेरा गळ्यात घालून तुम्ही बाहेर पडायचात. चोर बाजारातून आणलेला, एका कोपऱ्याला पोचा पडलेला. लहानपणी मी एकदा त्याची काच आईच्या पदरानं पुसली तेव्हा तुम्ही केवढे ओरडला होता. "पदरानं? त्याला हळद असेल अगं! आता सगळी मुंबई मला पिवळी दिसायची." मी रडायला लागले, तर आई आतून म्हणाली, "तुम्हाला मुंबई काळीच तर दिसते, फोटोत." मग तुम्हीच हसलात.

नव्याचा सण, आपल्या नव्या वर्षाचा, जवळ आला होता. या देशातला आपला पहिला नव्याचा सण ताडपत्रीच्या तंबूत गेला होता, त्यानंतरचा पत्र्याच्या झोपडीत. या वेळी भिंती होत्या, तर तुम्हाला काहीतरी द्यावं असं मी मनात धरलं. फोटोचा नाद असलेल्या माणसासाठी भेटवस्तू निवडणं सोपं वाटतं, पण तसं नसतं. चांगलं ते आपल्या ऐपतीच्या बाहेर, आणि स्वस्त ते त्या माणसानं आधीच स्वतः बनवलेलं. कॅमेऱ्याचा पट्टा तुम्ही जुन्या बुटाच्या चामड्यातून शिवला होता. फोटो चिकटवायचं पुस्तक आणावं, तर तुमचं सगळं बिस्किटाच्या डब्यात, आणि त्या डब्यावर तुमचा जीव. धूळ झटकायचा ब्रश म्हणजे माझ्या नवऱ्याचा जुना दाढीचा, मीच तुम्हाला दिलेला. असा विचार करत मी जवळच्या शहरात, बेरशेबाला, फोटोच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानदार रुमानियाचा होता. जाड भिंगाचा चष्मा, अर्धं हिब्रू, अर्धं तुटकं इंग्रजी. मी मुंबईची म्हणून तो माझ्याशी इंग्रजीच बोलायला बघायचा.

"वडिलांकडे कॅमेरा आहे ना? मग त्यांना संपणारी वस्तू द्या," तो म्हणाला. "फिल्म, कागद, धुवायचं औषध. संपली की तुमची आठवण काढतील आणि तुम्ही पुन्हा माझ्याकडे याल."

"मला न संपणारं काही दाखवा."

"धंदा बुडवणार तुम्ही माझा."

मी त्याला कारण सांगितलं नाही. नवरा आजारी होता तेव्हा बाटलीतलं औषध रोज खाली खाली जाताना मी पाहिलं होतं. तेव्हापासून संपणारी वस्तू विकत घेताना माझा हात मागे येतो. त्यानं बराच वेळ खालचे खण धुंडाळले आणि एक डबी काढली. आत पिवळी काच, रुपयाएवढी, कडेला किंचित ओरखडा. "ही भिंगापुढे लावायची," तो म्हणाला. "फोटोत आकाश आणि ढग दोन्ही पांढरे येतात ना, सगळं सपाट? हिच्यातून आकाश काळपट येतं आणि ढग उठून दिसतो. ही ढगांसाठी."

"नेगेवमध्ये ढग?"

"म्हणून तर स्वस्त आहे. कोणी घेत नाही."

आम्ही दोघं हसलो. मला ते हसणं आठवतं.

सणाच्या दिवशी खिरीच्या वाटीशेजारी मी डबी ठेवली. तुम्ही काच डोळ्यापुढे धरलीत, माझ्याकडे पाहिलंत, खिडकीकडे पाहिलंत. "शेवटी लावलीसच हळद माझ्या कॅमेऱ्याला," म्हणालात. त्याच दिवशी तुम्ही कात्री आणायला निघाला होतात, मी सणाचं काम करू दिलं नाही, म्हणून सण सरल्यावर मासळीच्या डब्याच्या पत्र्याचं कडं कापून तुम्ही ती काच भिंगावर अशी बसवलीत की बेरशेबाच्या दुकानदारालाही जमलं नसतं. आणि मग ढग येईना. रोज सकाळी तुम्ही दारात उभे राहता, हात डोळ्यांवर धरून, आणि आत येऊन मला सांगता, "कोरं. पाटीसारखं कोरं." जणू कुणी पाहुणा गाडी चुकला आहे. संध्याकाळी कामावरून येताना वाटेतल्या कोरड्या ओढ्याच्या काठावर थांबता. तिथून डोंगर दिसत. ढग आला तर तिथूनच काढायचा, खाली पात्र, वर ढग, असं तुम्ही ठरवून टाकलं होतं.

शेजारची म्हातारी मोरोक्कोची, वाळवंटाच्या कडेच्या गावातली. आपल्याला सगळ्यांना ती होदी म्हणायची, म्हणजे हिंदुस्थानी. तुम्हाला त्या ओढ्याच्या पात्रातून चालत येताना तिनं पाहिलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "होदी, तिथून येऊ नकोस. वाळवंटात माणसं तहानेनं मरतात त्याहून जास्त बुडून मरतात." तुम्ही घरी येऊन मला तिची नक्कल करून दाखवलीत. मी हसले नाही. पात्राच्या दोन्ही कडांना, माणसाच्या डोक्याच्या वर, झुडपांत वाळलेला काडीकचरा अडकलेला असायचा. तो तिथे कसा चढला हा प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि मी तो कांद्याच्या पाट्यांत विसरले.

दरफळणीचा सण आपण आपल्या रीतीनं पाळला. इथल्या इतर लोकांचा उपास असतो, पण दारं उघडी असतात, मुलं रस्त्यावर फिरतात. आपल्यात तसं नाही. आपली चार माणसं पांढऱ्या कपड्यांत आपल्याकडे जमली, तुम्ही दार लावलंत, खिडक्यांवर चादरी लावल्यात आणि दिवसभर प्रार्थना झाली. बाहेर कोणी डोकावलं नाही. तिन्हीसांजेला दार किलकिलं करून तुम्ही सरळ वर पाहिलंत, तारे मोजलेत आणि उपास सोडायला सांगितलंत. डोंगराकडे आपण कोणीच पाहिलं नाही. शेजारची म्हातारी तेवढी बाहेर ओट्यावर बसली होती.

सकाळी मी रव्याच्या पुऱ्या लाटत होते. तुम्ही दार उघडलंत आणि ओरडलात, "बाय! अगं बाय, बाहेर ये!" दूर डोंगरांवर ढग उभे होते. एकावर एक, कापसाच्या गासड्या रचाव्यात तसे, आणि खालून शाईसारखे निळे. आपल्या डोक्यावर मात्र स्वच्छ ऊन. तुम्ही आदल्या दिवशीच्याच पांढऱ्या सदऱ्यात कॅमेरा गळ्यात घातलात. म्हातारी तिच्या ओट्यावरून उठली.

"होदी, काल संध्याकाळपासून तिकडे विजांनी आकाश पेटतंय. आज खाली जाऊ नकोस."

तुम्ही वर बोट केलंत. "वर बघा की, बाई. घासलेल्या ताटासारखं आहे."

"इथे पाणी वरून येत नाही. बाजूनं येतं."

"मी कोकणातला. आमची नदी आधी सांगते. गढूळ होते, फेस आणते, मग चढते."

"ह्यात गढूळ व्हायला पाणी आहे कुठे?" ती म्हणाली.

तिचं हे बोलणं तुम्ही मला मराठीत करून सांगितलंत, चांगला विनोद सांगावा तसं. मी हातातलं लाटणं न ठेवताच दारात आले. "बाबा, ती काय म्हणते ते ऐका. खाली उतरू नका."

"काठावरूनच तर काढायचाय. खाली कशाला उतरतोय मी?"

"निदान पुरी खाऊन जा."

"पुऱ्या थांबतील गं. ढग थांबायचे नाहीत."

मी आत आले. एक घाणा काढला, दुसरा सोडला. मग एक आवाज ऐकू आला, लांबून, जमिनीतून यावा तसा. मला डेपोतून एकदम सुटलेल्या ट्रामगाड्या आठवल्या. मी झाऱ्या हातात धरून उभी राहिले आणि पहिला विचार आला तो असा, की इथे तर रूळ नाहीत. म्हातारी बाहेर तिच्या भाषेत ओरडायला लागली. खिडकीतून ऊन माझ्या पिठाच्या परातीवर पडलं होतं. पावसाचा एक थेंब नव्हता.

रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यानं जे पाहिलं ते नंतर येऊन सांगितलं. तुम्ही खरोखरच काठावर होता. फोटो काढलात. मग कॅमेरा खडकावर ठेवलात, टोपीनं झाकलात आणि पात्रात उतरून एक वाळलेलं काटेरी झुडूप ओढायला लागलात. तो तुम्हाला हाका मारत होता. तुम्ही हात हलवून त्याला नमस्कार केलात. वळणावरून पाणी आलं ते भिंतीसारखं आलं, पुढे दगड लोटत. दुसऱ्या दिवशी तुम्ही सापडलात तेव्हा पात्र पुन्हा कोरडं पडत आलं होतं. शिळ्या सणाला गेलेली माणसं परत जातात, आणि तुझ्या बाबांना ती सोबत घेऊन गेली, असं आपल्यातल्या एका बाईनं मला समजावलं. मी ऐकून घेतलं. शेजारची म्हातारी सात दिवस माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं.

कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं. मागच्या लाल खिडकीत पुढच्या फोटोचा आकडा येऊन बसला होता. म्हणजे पहिला काढून झाल्यावर तुम्ही फिल्म फिरवली होती. झुडूप बाजूला करून दुसरा काढायचा होता. मी रोल बेरशेबाला नेला. दुकानदारानं मला ओळखलं आणि थट्टेनं विचारलं, "काय, आला का ढग?" मी सांगितलं. त्यानं चष्मा काढून ठेवला. फोटो द्यायची वेळ आली तेव्हा तो पाकिटात घालून उलटा पुढे केला, आणि मी दारापर्यंत पोचल्यावर मागून हळूच म्हणाला, "बाई, चांगला आलाय."

मी स्वतःला दोष देत नाही, आणि त्या काचेलाही नाही. काचेनं तिचं काम केलं. आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी झाले आहे. मराठी मी पुडीच्या कागदांवरून वाचायला शिकले आणि हिब्रू दुकानांच्या पाट्यांवरून, पण आकाश वाचायला मला त्या म्हातारीनं शिकवलं, तिच्याच ओट्यावर बसून. सगळ्यांचे फोटो काढता काढता तुमचा एकही फोटो कोणी काढला नाही. म्हणून तुमच्या दिवशी दिवा लावते तो त्या ढगाच्या फोटोपुढे. लोक विचारतात, हे काय, वडिलांऐवजी हे? मी म्हणते, मला तो बघवत नाही, पण दुसरं काही नाही.

ते खरं नाही, बाबा. मी तो रोज बघते. आकाश काळं आलंय, ढग पेटल्यासारखा पांढरा, आणि खालच्या कोपऱ्यात ते झुडूप आहे. त्याची अडचण होत नाही. ते राहू द्यायला हवं होतं.

ऊन खाली आलं. पेन ठेवायला हवं. हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुम्ही आज येत असाल तर इथे टेबलावरच आहे. उद्या मी पांढरं नेसेन, दार लावीन, चादरी लावीन, सगळं आपल्या रीतीनं. स्वयंपाकघराची डोंगराकडची खिडकी तेवढी लावणार नाही. गेली कित्येक वर्षं लावत नाही.