काचेकडे पाठ

प्रिय धाकट्या,

समोर बसून खुणांनीच सांगितलं असतं. पण विषय अंगाशी आला की तू डोळे घट्ट मिटतोस आणि मग कुणाची टाप आहे तुझ्याशी बोलायची! लहानपणापासूनची चलाखी तुझी. म्हणून पत्र. हे वाचायला तरी डोळे उघडे ठेवशील.

आज तुमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या समुपदेशक साहेबांनी मला बोलावलं. चेहरा असा, जणू तू केंद्राचा पंखाच विकून प्यायलास. म्हणाले, तुमचा भाऊ सहकार्य करत नाही. बाकीचे डोळे मिटून माझा आवाज ऐकतात, शांत होतात, हा एकटा टक्क बघत बसतो. मी म्हटलं, साहेब, त्याला ऐकू येत नाही. तर म्हणे, कल्पना आहे हो, पण निदान प्रयत्न तरी करावा! या माणसाला पगार मिळतो रे. हसू नकोस. उद्याच्या बैठकीतही तू गप्प राहिलास तर तुझी खाट दुसऱ्याला देणार आहेत. बाहेर पडलास की घराच्या आधी दारूचं दुकान लागतं. आणि तुझं यकृत आता आणखी सोसणार नाही, हे डॉक्टरांचं बोलणं तुला सांगताना माझेच हात अडखळले होते.

तू गप्प का, ते मला परवा कळलं. साहेबांनी विचारलं, तलफ कधी येते? मी ते तुला खुणांनी सांगितलं. तुझे हात उठले, 'ताई' अशी खूण केलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि हात मांडीवर ठेवून दिलेस. मी साहेबांना म्हटलं, काही नाही म्हणतोय. तो अर्धवट शब्द घरापर्यंत माझ्या मागे आला. दवाखान्यात, बँकेत, नोकरीच्या मुलाखतीत, सगळीकडे तुझा शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडला. मग माझ्याबद्दलचं गाऱ्हाणं तू कुणाच्या तोंडून सांगणार?

साहेबांच्या खनपटीला बसले. उद्या खुणांची भाषा येणाऱ्या एक दुभाषी बाई येतायत. आपल्या ओळखीच्या नाहीत, आतलं बाहेर सांगत नाहीत. त्यांच्यापुढे माझा हवा तेवढा उद्धार कर. मी विचारणार नाही. फक्त त्या खोलीच्या दाराला काच आहे, आणि तुझे हात मला लांबूनही वाचता येतात. म्हणून बाहेरचा बाक फिरवून ठेवायला सांगितलाय. मी काचेकडे पाठ करून बसेन.

तुझीच,
ताई