बोटभर हवा

ता. ९ नोव्हेंबर

चि. मास्तरणीस, अनेक आशीर्वाद.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं मी भलतंच ऐकतो. तुझी आई फोनवर काय सांगते ते तुला पाठच आहे, सगळं ठीक आहे. म्हणून खरं ते मी लिहितो.

सगळं ठीक नाही. खुब्याच्या पहिल्या ऑपरेशनात हाड नीट बसलं नाही, दुसरं करावं लागणार, हे तुला ठाऊक आहे. काल त्यासाठी तिला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि माकडहाडापाशी पाहिलं. तिथे जखम झाली आहे. एकाच जागी पडून राहिल्याने होते म्हणे. ती भरल्याशिवाय खुब्याला हात लावणार नाही, नाहीतर जंतू हाडापर्यंत जातील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि फार लांबलं तर ती पुन्हा चालेल याची खात्री ते देत नाहीत.

गादीवर निजून माणसाला जखम कशी होते हेच मला कळत नाही. पाठ सरळ राहावी म्हणून मी तर गादीखाली चांगली जाड फळी घातली होती. गादी तरी कसली, दोन बोटं जाडीची. घरी येणाऱ्या सिस्टर म्हणतात फळी काढा. मी काढली नाही. तू शाळेत विज्ञान शिकवतेस, तेव्हा निकाल तूच दे.

दुकान दुपारी बंद ठेवतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, पण पंक्चर झालेली सायकल कुठे पळून जात नाही. पोरीच्या जिवाला उगाच घोर लावू नका असं तुझी आई म्हणत होती. लावला. काय करणार, मला दुसरं आहे कोण?

तुझा,
बाबा


ता. १४ नोव्हेंबर

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

निकाल सिस्टरच्या बाजूने. पत्र वाचून झालं की आधी फळी काढा, मग चहा घ्या.

दुकानापुढे चिखल झाला की सायकलच्या स्टँडचं टोक रुतायचं, आठवतं? मग तुम्ही त्याखाली डब्याचं झाकण सारायचात. सायकलचं वजन तेवढंच, पण टेकायला जागा जास्त मिळाली की जमिनीवरचा दाब कमी. फळीवर आईचं सगळं वजन माकडहाड, टाचा आणि खांदे एवढ्याच टोकांवर येतं. हाड आणि फळी यांच्यात कातडी चेपली जाते, तिथलं रक्त थांबतं, आणि मग जखम होते. थोडक्यात, आई सध्या चिखलातली सायकल आहे. हे तिला वाचून दाखवू नका.

मी एक हवेची गादी पाठवते आहे. टाचांचं सिस्टरना विचारा. काही ठिकाणी रबरी हातमोज्यात पाणी भरून तो टाचेखाली ठेवतात. आणि दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, गादी कितीही चांगली असली तरी.

परीक्षा संपेपर्यंत मला रजा मिळत नाही. विचारून पाहिलं, दोनदा. आठवीला सध्या दाबच शिकवते आहे. फळ्यावर बाण काढताना आईची पाठ डोळ्यांपुढे येते आणि मुलांना वाटतं बाई पुढचं वाक्य विसरल्या.

तिला माझा नमस्कार सांगा, आणि तुम्ही वेळेवर जेवा.

तुमची,
मास्तरीण


ता. २८ नोव्हेंबर

चि. मास्तरणीस, अनेक आशीर्वाद.

गादी आली. सोबत खेळण्यातला वाटावा असा एक पंप होता. तो माळ्यावर टाकला आणि दुकानातला पायपंप आणून हवा भरली. अशी भरली की अंगठा दाबला तर रुतत नाही. सगळी हयात चाकांत हवा भरण्यात गेली. हवा ढिली असली की रिम बसते आणि ट्यूब कापली जाते. माझ्या हातून ढिलं चाक कधी रस्त्यावर गेलं नाही, मग घरच्या माणसाला ढिली गादी देईन का? रोज सकाळी अंगठा लावून पाहतो आणि कमी वाटली तर दोन पंप मारतो.

हातमोज्याची गंमत झाली. त्याचं एक बोट दाबलं की बाकीची चार टरारून फुगतात. तुझ्या आईने ते चारपाच वेळा करून पाहिलं आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. टाचांचा लालपणाही गेला.

पण जखम आहे तिथेच आहे. उलट कडा काळसर दिसतात असं सिस्टर आज म्हणाल्या. फळी काढली, गादी आली, घड्याळ लावून कूस बदलतो, तरी ही तऱ्हा. गादी फसवी निघाली असं माझं मत आहे. दुकानदाराने तुला बनवलं. टोचतं का म्हणून हिला विचारलं, तर म्हणते, तुम्ही एवढं करताय, मग ठीकच असणार.

मला भीती वाटते गं. सिस्टरपुढे मी तोंड शिवून बसतो, तुझ्यापुढे बोलतो. ती स्वयंपाकघरात उभी आहे असं मी कधीकधी समजूनच चालतो आणि हाक मारतो.

तुझा,
बाबा


ता. २ डिसेंबर

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि हातातला घास हातातच राहिला. गादी फसवी नाही. तुम्ही फार चांगले सायकलवाले आहात, एवढंच झालंय.

चाकाने रुतू नये म्हणून तुम्ही हवा कडक भरता. आईने मात्र रुतायला हवं. हातमोज्याचं एक बोट दाबलं की बाकीची फुगतात ना? कोंडलेल्या पाण्याला किंवा हवेला एका जागी दाबलं की तो दाब सगळीकडे पोचतो. गादीतही तेच. आत दाब जेवढा कडक, तेवढाच तो आईच्या पाठीला उलटा लागतो. इतक्या कडक गादीवर ती नुसती वर तरंगते, आणि टेकते पुन्हा त्याच टोकांवर. म्हणजे फळी गेली आणि हवेची फळी आली. थोडी हवा सोडली तर ती खाली जाईल, गादी चहूबाजूंनी तिच्या अंगाला येऊन लागेल आणि वजन सगळ्या पाठीवर वाटलं जाईल.

मात्र फार सोडलीत तर तुमचं म्हणणं खरं होईल. रिम बसेल, म्हणजे माकडहाड खालच्या पलंगाला टेकेल. म्हणून अंगठ्याने मापू नका. ती निजलेली असताना गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळवा वर करून हात सरकवा. हाताला हाड लागलं तर हवा कमी. हात आणि हाड यांच्यात बोटभर हवा जाणवली की बरोबर. पहिल्यांदा सिस्टरसमोर करा.

आणि आता स्वतःला दोष देत बसाल, ते करू नका. किती हवा भरायची ते मी लिहायला हवं होतं. जन्मभर टणक चाकं करणाऱ्या माणसाला गादी पाठवताना एवढं तरी सुचायला हवं होतं मला.

तुमची,
मास्तरीण


ता. ८ डिसेंबर

चि. मास्तरणीस, आशीर्वाद.

सिस्टर आल्यावर व्हॉल्व्ह उघडला. भरलेली हवा आपणहून सोडणं माझ्या जिवावर येतं. तो आवाज मला नुकसानीचा वाटतो. पण गादी जसजशी बसत गेली तसतशी तुझी आई तिच्यात उतरत गेली, आणि तिने असा श्वास सोडला की मला कळायचं ते कळलं.

इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, रोज सकाळी पंप मारून झाल्यावर तुमच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते मला मोडवेना. आता या बाईला काय म्हणावं? मी माझ्याच हातांनी तिला दगडावर निजवत होतो आणि ती माझं तोंड पाहत होती. तू दोष देऊ नका म्हणतेस, पण मी देतोच.

गादीखाली हात सरकवून पाहतो. बोटभर हवा कळते. पंप माळ्यावरून खाली काढला आहे, तो खेळण्यातला.

बाबा


ता. १९ जानेवारी

चि. ठमीस, आईचे आशीर्वाद.

ह्यांची तू मास्तरीण असशील, मला ठमीच. उताणी पडून लिहिते आहे. पेन असं चालत नाही, म्हणून पेन्सिल. अक्षराला हसू नकोस, आठवीच्या मुलांचं वाचतेस तर हेही वाचता येईल.

जखम भरली. काल डॉक्टरांनी पाहिलं. नवी कातडी गुलाबी आहे, तुझ्या जन्माच्या वेळी तू होतीस तशी. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तुझ्या परीक्षा संपल्या, तेव्हा आता सबब नको, ये. मला भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवू? डॉक्टर म्हणतात वेळेत आलात, चालाल. काठी लागली तरी माझी तक्रार नाही. स्वयंपाकघरापर्यंत गेले तरी पुष्कळ. ह्यांचा चहा आता मला सोसवत नाही.

एक गोष्ट फक्त तुला सांगते, म्हणून हे पत्र सिस्टरच्या हातून टाकते आहे. दुपारी जेवणं झाली की हे मला कुशीवरून उताणी वळवतात, मग स्टुलावर बसून गादीखाली हात घालतात. आधी क्षणभर घालायचे, मान हलवायचे आणि उठायचे. आता हवा पाहून होते, तरी हात तिथेच राहतो. दुसऱ्या हाताने पेपर धरतात. पेपर मग गळून पडतो, पण हा हात निघत नाही. सगळ्या संसारात ह्यांनी कधी माझा हात धरला नाही, चारचौघांत नाही आणि घरातही नाही. चाकाला लावतात तेवढी माया मला कधी लावतील असं वाटलं नव्हतं.

मध्ये एवढी गादी आहे, म्हणून ह्यांना वाटतं मला समजत नाही. तूच लिहिलं होतंस ना, एका जागी दाबलं की ते सगळीकडे पोचतं. मला पाठभर समजतं. मी डोळे मिटून पडून राहते.

ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत साधी गादी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. हिच्यातली हवा सोडून कुणा गरजवंताला देऊन टाकू का, असं ह्यांनी काल मला विचारलं. मी म्हटलं, कातडी अजून कच्ची आहे, काही दिवस तपासत जा.

वाट पाहते. लवकर ये.

तुझी,
आई