तिच्यासाठी ठेवलेला मासा

बा, सोमवारी सकाळी माझ्या हातांनी मला न विचारता एक काम केलं, आणि तेव्हापासून मी सुन्न आहे. तुला जाऊन पस्तीस वर्षं झाली, तरी हे सांगायला तुझ्याशिवाय कोणी सुचत नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढचं वाचणं-लिहिणं मी पुड्यांच्या कागदांवर शिकलो, हे तू पाहिलंच आहेस. तेव्हा अक्षराला हसू नको.

तुझी सून जाऊन नऊ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी सिहोऱ्याच्या एका लग्नात एक बाई भेटली. तीही एकटीच, राजनांदगावला लेकीजवळ राहते. मग फोन सुरू झाले. बोलायचो काय, तर तिकडे पाऊस पडला का आणि इकडे तलाव भरला का, एवढंच. गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा घरी आली, चार दिवस राहिली. आल्या आल्या डब्यांच्या जागा बदलल्या. मला साखर सापडेना. "तुमी माणसाशी कमी आन् माशाशी जास्त बोलता," म्हणाली. मी म्हटलं, "मासे उलटून बोलत नाहीत." "म्हणून तर कापले जातात," म्हणाली. रविवारी तिला तुमसर रोडला गाडीत बसवलं. गाडी हलायच्या आधी खिडकीतून तिनं विचारलं, "परत येऊ का?" फलाटावर गावचे दोघे उभे होते. मी म्हटलं, "पाण्याची बाटली घेतली ना?"

सोमवारी तलावावर जाळं काढलं, त्यात एक चांगला हातभर मरळ आला. विकायचे मासे टोपलीत गेले. हा मात्र मी पाण्याच्या बादलीत टाकला, घरी आणून टाकीत सोडला, उडी मारून जाऊ नये म्हणून वर जाळीचा तुकडा बांधला. मरळात काटे कमी, तिला आवडतो. गाठ मारून झाली आणि मग डोक्यात उजेड पडला, की ती तर काल गेली. मी तिथंच ओल्या जमिनीवर बसलो. मासा पुढच्या खेपेसाठी होता, बा. आणि अशी गाठ मारताना मी याआधी एकाच माणसाला पाहिलं होतं.

तू मडक्याच्या तोंडावर जाळीची गाठ मारत उकिडवा बसला आहेस. माय जाऊन चार वर्षं झालेली. बपेऱ्याच्या बाजारात मुरमुरे विकणारी ती बाई आपल्या घरी दोन दिवस राहून गेली आहे, आणि तू तिच्यासाठी मरळ जिवंत ठेवला आहेस. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलतोस. तेव्हा मी बावीसचा, माझी सोयरीक ठरत आलेली. आपल्यात विधुर-विधवेचा पाट लावायला कोणाची ना नव्हती, पंचही तयार होते. आडवा आलो तो मीच. दारात उभा राहून म्हणालो, "घरात सून येऊन राहिली, आन् तू कायले नवरदेव बनून राहिला? लाज नाही वाटत?" तू गाठ पक्की केलीस. दुसऱ्या दिवशी तू तलावावर गेलास तेव्हा मी तो मासा कापला आणि बहिणीला शिजवायला लावला. ती रडत होती, तरी लावला.

तू आलास, मडक्यात पाहिलंस, हात धुतलेस, जेवायला बसलास. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. तू सगळा रस्सा भातावर घेतलास, सावकाश खाल्लास आणि म्हणालास, "मीठ बरोबर पडलं." त्यानंतर मरेपर्यंत अकरा वर्षं तू बपेऱ्याच्या वाटेला गेला नाहीस. मी समजत होतो, म्हाताऱ्याचं खूळ उतरलं. अगदी परवापर्यंत तेच समजत होतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण कळायला इतकी वर्षं लागावीत?

बुधवारी तुझा नातू भंडाऱ्याहून आला. ती राहून गेल्याचं त्याच्या कानावर आलेलंच होतं. टाकीवरची जाळी पाहून म्हणाला, "बाबा, हा कायले ठेवला?" मी जाळीची गाठ उगाच आवळत राहिलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता हा बोलणार. मी बोललो होतो तेच बोलणार, आणि मला ते ऐकून घ्यावं लागणार. तर तो म्हणाला, "त्यायले फोन लावा ना. या म्हणा."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकं तुमाले जेवाले घालतात का?" एवढं म्हणून तो मोटारसायकल पुसायला लागला.

झालं. इतकं सोपं होतं, बा. धक्का बसला तो याचा. तो माझ्यावर ओरडला असता तर मी कसाबसा सावरलो असतो, निदान आपण सगळे सारखेच असं तरी म्हणता आलं असतं. पण तो पुसत पुसत शीळ घालत होता, आणि मी खांबाला धरून उभा होतो. तुझ्या दारात मी हे एक वाक्य म्हणायचं होतं.

संध्याकाळी फोन लावला. ती म्हणाली, "येते. परतीचं तिकीट काढून येऊ का?" मी म्हटलं, "नको." शनिवारी येते आहे.

हे लिहून झाल्यावर वाटलं, तुला काय द्यायचं हे पत्र, द्यायचं तर बपेऱ्याच्या त्या बाईला द्यावं. असेल तर नव्वदीला आली असेल, नसेल तर तिच्या घरच्यांना तरी द्यावं. बस जाते तिकडे, अर्ध्या दिवसाचं काम. पण बाजारात उभं राहून कोणाचं घर विचारू? तिचं नाव मला माहीत नाही, बा. दोन दिवस ती आपल्या घरात होती आणि मी विचारलं नव्हतं.