सायकलीचा खांदा

श्रा. व. ५, सोमवार

गाडीची जोडी विकून किसनानं सायकल आणली, त्याला आज महिना झाला. कोठ्यात आता मोटेची जोडी तेवढी. रिकाम्या खुंट्यांपाशी ती उभी असते, काळी, सोनेरी रेघांची. मी तिला विलायतीण म्हणते. सुनेला म्हटलं, यमुने, तुझी सवत दाणा खात नाही, कडबा खात नाही, नुसता नवरा खाते. लिहिता लिहिता हसली. हसली तेही लिही म्हटलं.

वही बियाणेवाल्यानं फुकट दिलेली. यमुना चार इयत्ता शिकलेली. पुढून ती फुलांचा हिशेब लिहिते, मागून माझं. नातू पाळण्यात निजला की मी बोलायचं, तिनं लिहायचं. माझं ‘मले’ ती ‘मला’ करते. करू दे. या घरात तिचं तेवढंच चालतं.

श्रा. व. ७, बुधवार

शेजारचा तुळशीराम आला होता. त्याची जपानी सायकल, टिनाच्या डब्यासारखी वाजत येते. त्यालाही फुलंच न्यायची असतात अमरावतीला.

“किसनभाऊ, तुह्या एकीच्या पैशात माह्या चार आल्या असत्या.”

“चार घेऊन चारीवर एकदम बसशीन काय बे?”

“एक मोडली का दुसरी काढीन.”

मी म्हटलं, बायकोचंही तसंच ठरवलं काय रे तुळश्या? मान खाली घालून चहा प्यायला.

तो गेल्यावर मात्र मला हसू आलं नाही. त्याचं चुकतं कुठं? दोन बैल गेले, एक लोखंड आलं. बैल म्हातारा झाला तरी शेण देतो. ही म्हातारी झाल्यावर काय देईल?

श्रा. व. ८, गुरुवार

रात्रभर झड. सकाळी किसना निघाला तो घटकाभरानं परत. काळी माती चाकावरच्या पत्र्याच्या छत्रीत अशी ठासली की चाक फिरेना. विलायतीण खांद्यावर, टोपल्या हातात, नांदगावच्या पांदणीतून पायी आला. इतकी महागाची वस्तू, आणि मालकच तिचं वाहन. तुळश्यानं आपल्या जपानीच्या छत्र्या केव्हाच उपटून फेकल्या आहेत. तो गेला, फुलं विकून आला.

किसनाला म्हटलं, तूही काढ. तोंड असं केलं, जसं मी यमुनेचं मंगळसूत्र काढायला सांगितलं.

श्रा. व. १०, शनिवार

खरं तेही लिहावं. जाईच्या कळ्या आता बंदच्या बंद बाजारात पोचतात. बैलगाडीत वाटेतच उमलून जायच्या आणि शिळ्या म्हणून मागितल्या जायच्या. देवीच्या देवळापुढच्या ओळीत किसना पहिला असतो. जेवायला घरी येतो, नातवाला मांडीवर घेतो. गाडी होती तेव्हा पोराला बाप निजलेलाच दिसायचा.

दामू, म्हणजे यमुनेचा भाऊ, अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला आहे. त्यानं तिथली सारी दुकानं पालथी घालून ही निवडली. आपणच आगगाडीत घालून बडनेऱ्यापर्यंत आणली. यमुनेची मान तेव्हापासून बोटभर वर आहे. राहू दे.

आज किसना पुसत होता तेव्हा जवळून पाहिली. मुठीतली दांडी दाबली की दोन रबरी ठोकळे चाकाच्या कडेला घासतात, तेव्हा ती उभी राहते. रोज किती वेळा घासत असतील. बैलाचा खांदा जुवाखाली सोलतो, तसंच की हे. म्हटलं तर किसना म्हणतो, “माय, तिले दुखत नाई.” बैलाचं दुखणं तरी यानं कधी विचारलं होतं.

श्रा. व. १४, बुधवार

खांदशेकणी. उद्या पोळा. मोटेच्या दोघांना न्हाऊ घातलं, खांद्याला लोणी-हळद चोळली, पळसाच्या पानानं शेकलं. आवतण दिलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. दरसाल चार तोंडांना द्यायची. रिकाम्या खुंट्यांकडं पाहवेना. यमुना मळ्यात झेंडू तोडत होती, किसना गावात. लोणी उरलं होतं थोडं.

पुरे आज.

भा. शु. १, शुक्रवार

काल लिहिलं नाही. हात यमुनेचा, आणि तो रिकामा नव्हता.

किसना काल उजाडायच्या आत निघाला. पोळ्याच्या हारांना झेंडू लागतो. मी दारात आडवी झाले. म्हटलं, आज पोळा हाय, आज तिले जुवाखाली घालू नको. हसला. “सायकलीले पोळा नसते, माय.”

रहाटगावजवळ नाल्याचा उतार आहे. तिथं ब्रेक लागला नाही. दगडी कठड्यावर जाऊन आदळला. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. मागून तुळशीराम येत होता म्हणून बरं. त्यानं वाटेनं जाणारी मोटार थांबवून दवाखान्यात नेलं. उतारभर झेंडू सांडला म्हणे. दुपारी सजवलेले बैल त्यावरून चालत गेले.

संध्याकाळी तुळश्यानं विलायतीण ढकलत आणली. हँडल वाकडं, बाकी काही नाही.

आपल्या बैलांना नैवेद्य दाखवला. यमुनेनंच. मी कोठ्यात गेले नाही.

भा. शु. २, शनिवार

दवाखान्यातून किसनाला घरी आणलं. हात गळ्यात बांधलेला, दोन महिने वजन उचलायचं नाही. बैलगाडी नाही, कावड घ्यायची तर खांदा नाही. महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या, झेंडू मळ्यात पेटल्यासारखा फुलला आहे.

जेवताना म्हणाला, “ब्रेक लागलाच नाई. दामूनं जुना माल रंगवून माह्या गळ्यात बांधला.”

यमुना: “माहा दादा असा नाई.”

“मंग काय म्या मुद्दाम पडलो?”

भाकर ताटात तशीच. मी दोघांच्या मधे बसले होते. एरवी माझ्या तोंडाला कुलूप लागत नाही, हे गाव जाणतं. काल-आज लागलं आहे.

भा. शु. ३, रविवार, हरतालिका

यमुनेचा उपास. किसनानं उपाशीपोटी तिच्याकडूनच कार्ड लिहून घेतलं, तिच्याच भावाला. ‘येऊन तुझी सायकल घेऊन जा. दुकानदार देईल ते आण. यंदा बहिणीला महालक्ष्म्यांसाठी अकोल्याला पाठवणार नाही.’ तो बोलला तसं एकेक लिहिलं तिनं. अक्षर हललं की नाही मला कळत नाही.

कार्ड टाकून आली आणि वही घेऊन माझ्यापुढं बसली. “बोला आत्याबाई.”

काय बोलू. तुळस वाळली आहे असं लिही.

भा. शु. ४, सोमवार, गणेश चतुर्थी

फुलं तुळशीरामाच्या जपानीवर लादली, त्याची अन् आमची. अर्ध्या वाटेत पायडल तुटून हातात आलं. पोचला तोवर घरोघर गणपती बसून गेले होते. आमची अर्धी फुलं देवळाच्या गाईनं खाल्ली. तिला तरी चतुर्थी गोड झाली. तुळश्या म्हणतो, “चार आल्या असत्या, पण चार एका दिवशी मोडल्या असत्या.” हा माणूस बरा आहे.

यमुने, लिही. त्या दिवशी ते लोणी

नको. खोड ते.

खोडलं का विचारलं. खोडलं म्हणते. खोडलेलं आणि न खोडलेलं, मला दोन्ही मुंग्याच दिसतात.

भा. शु. ५, मंगळवार

तुळशीरामानं विलायतीणीचं हँडल सरळ केलं. तिच्यावर बसून नाल्याच्या उतारावर तीनदा जाऊन आला. म्हणाला, “भाऊ, दांडी दाबली का जागच्या जागी उभी राह्यते. दोष काई दिसत नाई. माही असती तं तिचे दोन तुकडे अन् तुहे चार झाले असते.”

किसना म्हणाला, “आज राह्यते. त्या दिवशी काहून नाई राह्यली?”

तुळशीराम चाक फिरवून पाहत राहिला.

मग किसना एकटाच तिच्यापाशी गेला. मी ओट्यावरून पाहत होते. डावा हात मुठीवर ठेवला, काढून घेतला. तुळश्याला म्हणाला, खांदा भरून आला तरी आता हिच्यावर बसणार नाही, उतार डोळ्यापुढून जात नाही. माझा पोरगा लहानपणी विहिरीत उडी मारायचा. त्याला दोन चाकांचं भय बसलं.

कारण कळलं तर भय जाईल. दामूचं नाव जातंय, तेही वाचेल. कारण माझ्या तोंडात आहे आणि मी सुपारी चघळते आहे.

भा. शु. ६, बुधवार

आज सांगते. यमुने, थांबायचं नाही, मान वर करायची नाही, मी बोलीन तसं लिहीत जायचं.

खांदशेकणीला लोणी उरलं. कोठ्यात तिसरी उभी होती. गाडीच्या जोडीची जागा तिनं घेतली, गाडीच्या जोडीचं ओझं ती ओढते, मग तिचा खांदा का शेकू नये? पण हिला खांदा कुठं? बैलाचा खांदा म्हणजे जिथं जू घासतं ती जागा. हिच्या अंगावर घासते ती जागा मी पाहिली होती. चाकाच्या दोन्ही कडांना, आतून, गोल फिरवत फिरवत, पुढच्या चाकाला आणि मागच्या, लोणी-हळद चोळली. रबरी ठोकळ्यांनाही चोळली. मऊ वाटेल म्हणून. तिलाही आवतण दिलं. बरं वाटलं मला. त्या दोन बैलांना विकताना मी एक शब्द बोलले नव्हते, ते जरा फिटल्यासारखं वाटलं.

किसना अंधारात निघाला, त्याला दिसलं नाही. पडला हे ऐकलं तेव्हाच मला कळलं. कठडा, रक्त, हाड, कोणी काही सांगायच्या आधी मला माझी बोटं आठवली.

झालं. सायकल चांगली आहे. तुझा भाऊ चांगला आहे. वाईट काय ते लोणी, आणि त्याहून वाईट मी सहा दिवस गप्प बसले ते.

यमुनेनं टाक खाली ठेवला. म्हणाली, “मले माहीत हाय.”

“काय माहीत?”

“पोळ्याच्या सांजी सायकल आली, तवा चाकाची कड पिवळी होती. म्या फडक्यानं पुसली.”

“अन् मले बोलली नाई?”

“तुमी बोलल्या होत्या काय?”

नातू उठून रडत होता, कोणी उठलं नाही.

म्हटलं, भावाच्या नावानं बोलतात ते ऐकून घेतलंस? म्हणाली, “दादाले चार शब्द बोलतीन, तो अकोल्याले निघून जाईन. तुमाले बोलले तं तुमाले याच घरात राहा लागते. अन् त्याईलेही.”

अशी सून कोणी मागून आणावी. मी हुंडा पाहून आणली होती.

भा. शु. ७, गुरुवार

दामू आज येणार. किसना पहाटेपासून ओट्यावर, हात गळ्यात, जिभेला धार लावत. विलायतीण अंगणात काढून ठेवली आहे, परत पाठवायची म्हणून पुसायलाही कोणाला सांगितली नाही. ऊन पडलं की चमकते मेली. न पुसता चमकते. पैशाचा गुण म्हणावा तर हाच.

यमुनेला म्हटलं, दामू आला की दोघांना समोरासमोर बसव आणि वही आण. कालचं पान वाचून दाखव. मी तोंडानं सांगायला गेले तर मधेच काही थट्टा करीन, आणि किसना म्हणेल म्हातारी सुनेच्या भावाला वाचवते. लिहिलेलं खरं वाटतं लोकांना.

ती म्हणाली, “कालचं पान कोनतं? कालचं म्या लिवलंच नाई, आत्याबाई.”

“तुहा हात चालत होता.”

“फुलांचं लिवत होती.”

मी वही ओढली. मागून उघडली. काल जिथं बसून बोलले ते पान शोधलं. पानं भरलेली आहेत, मुंग्याच मुंग्या. त्यातली झेंडूची कोणती आणि लोण्याची कोणती? बोट ठेवत गेले, म्हटलं इथं काय लिहिलंय, इथं? म्हणते झेंडू, शेवंती, झेंडू.

डोळे तिचे लाल. ज्या फडक्यानं चाक पुसलं त्यानंच ही वही पुसते आहे.

आता मी बोलते ते तरी लिहितेस की तेही झेंडू? हात चालतो आहे, एवढं दिसतं.

टांगा वळला पांदणीत. घुंगरू ऐकू येतात. किसना ओट्यावरून उठला. दामूनं कोणती तरी पिशवी वर केली, भाच्यासाठी काही आणलं असेल. याला अजून माहीत नाही काय वाढून ठेवलंय ते.

बरं. अक्षर तुझं, पण तोंड माझंच आहे, आणि ते उघडायला मला कोणाची चौथी लागत नाही. सत्तर वर्षं वाटेल तिथं उघडलं, आजच काय झालं.

कोनाड्यातली लोण्याची वाटी काढ. किसनाला दाखवायला काहीतरी हातात पाहिजे. त्या विलायतीणीपाशी उभी राहीन आणि कुठं चोळलं ते बोटानं दाखवीन.

सुपारी आधी थुंकते.

यमुने, टाक ठेव. मला हात दे, उठू दे.