दोन कॅम, एक ऑइल पंप आणि झिनी तांदळाचा दाणा

मी, कुमारी अनिता महिपत वेखंडे, वय चव्वेचाळीस, शिक्षण बी.एस्सी., नोकरी भातसानगर, राहणार शहापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे.

‘दबावाशिवाय’ लिहून थोडी थांबले. हा कागद करायला मला थोरल्या भावाने, शेखरने, सांगितले. तेही चुलतबहिणीच्या हळदीत, भर मांडवात. “लडाखला चाललीस ना? मंग मृत्युपत्र लिवून जा. मागं आमाला निस्तरायला नको.” मांडव हसला. मी म्हणाले, “लिहिते. पण साक्षीदार म्हणून सही तू करायची.” तो “करीन” म्हणाला. याला दबाव म्हणावे का, यावर मी दोन दिवस विचार केला. नाही म्हणावे, असे ठरवले. प्रकृती ठणठणीत आहे. रविवारी मी एकटी मोटरसायकलवरून निघते आहे. परत यायचा इरादा आहे.

१. शहापूरचे घर आणि बँकेतली शिल्लक आई सकुबाई हिला. तिच्या पश्चात दोन्ही माझी भाची पूजा, म्हणजे शेखरची मुलगी, हिला.

२. शेतातला माझा हिस्सा मी शेखरला पूर्वीच सोडून दिला आहे. त्यामुळे या कागदात त्याला काही नाही, म्हणून कोणी हळहळू नये.

३. माझे पाने, पुलर आणि टॉर्क रेंच मुरबाडचा मेकॅनिक भरत याला. त्याने मला आपल्या गॅरेजात कामाला जागा दिली. “ही कोन रे?” असे कोणी विचारले की तो सांगायचा, “गिऱ्हाईकच हाय, पण ऐकत नाय.” टॉर्क रेंच नट मोजून आवळायला असतो, त्याने खिळे ठोकू नयेत. ठोकतो, मी पाहिले आहे.

४. बुलेट. हिच्यासाठीच हा कागद आहे, हे मान्य करते.

मी ती चौऱ्याण्णव साली जुनी घेतली. तिच्यावरून गोवा, हंपी, सौराष्ट्र केले. सामान लादून माळशेज चढताना ती धापा टाकायची. दोन वर्षे वाचून, विचारून, शेवटी गेल्या वर्षी मी तिचे दोन्ही कॅम बदलायला घेतले. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडायचे ते ठरवणारा भाग. नव्या कॅमने इंजिन मोकळा श्वास घेते, जास्त जोराने फिरते; तेवढे तेलही मागते. म्हणून ऑइल पंपही मोठा आणला. बसवायला भरत होता, पण कॅमच्या दातांवरच्या खुणा मी जुळवल्या.

काम आमच्या गावच्या घरी, ओटीवर चालू होते. मध्ये खंडेनवमी आली. घरातली सगळी अवजारे मांडली होती, नांगराचा फाळ, कोयते, विळे. शेजारी इंजिनाचे उघडे झाकण उताणे पडले होते. आईने त्यालाही कुंकू लावले, वर अक्षता टाकल्या. “देवाला दाखवलं नाय तर यंत्र रुसतं गो,” म्हणाली. मी नमस्कार केला, अक्षता झटकल्या आणि झाकण बसवले.

आठवड्याने माळशेजच्या अर्ध्या चढावर इंजिन जाम झाले. शेखर टेम्पो घेऊन आला. रस्ताभर एकच पालुपद: “बाईनं इंजिन खोललं, दुसरं काय व्हनार!” गावात तेच चालले. मलाही शंका आली. खुणा चुकल्या असतील, पंप नीट बसला नसेल. दोन रात्री झोप नव्हती. मग ओटीवर, सगळ्यांसमोर, इंजिन पुन्हा खोलले. खुणा बरोबर. पंप बरोबर. झाकणातल्या तेलाच्या वाटेत तार घातली, तेव्हा कुंकवाने लाल झालेला तांदळाचा अख्खा दाणा बाहेर आला. आमच्याच शेतातला झिनी, देवासाठी राखलेला बारीक. जाडा असता तर वरच अडकला असता.

शेखर म्हणाला, “आता आयवर ढकल!”

आई म्हणाली, “माझ्याच हातचा हाय तो. पुढल्या खेपेला आधी झाकन लाव, मंग कुंकू.”

पूजेआधी तेलाच्या भोकात फडके कोंबायला हवे होते, एवढा दोष मला लागतो. इंजिन खोलायलाच नको होते, हा लागत नाही. तेच कॅम आणि तोच पंप पुन्हा बसवला. त्यानंतर दोनदा माळशेज चढले, एकदा पाठीमागे आईला घेऊन. शेखर अजूनही गोष्ट टेम्पोपर्यंतच सांगतो.

मी गेल्यावर जुने कॅम घालून, गाडी ‘ओरिजिनल’ करून विकायचा त्याचा बेत आहे. म्हणून लिहिते: बुलेट, आत्ता आहे तशी, पूजाला. तिला विचारून लिहिले आहे. तिच्याकडे लायसन्स आहे. ते शेखरला हा कागद वाचूनच कळेल. पुढे तिला विकावीशी वाटली तर खुशाल विकावी, मेल्यावर मी कशाला अडवू? पण माझ्या बदलांची लाज वाटून बदलू नये.

५. तो दाणा आईच्या कुंकवाच्या जुन्या करंड्यात आहे. शेखरला ठेवणार होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. तेव्हा दाणाही पूजाला. बापाने टेम्पोची गोष्ट काढली की तिने करंडा उघडावा.

मी सुखरूप परतले तर बुलेट माझीच. दाणा मात्र तिनेच ठेवावा.

हे सर्व मोठ्याने वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

अनिता महिपत वेखंडे
मुक्काम शहापूर, जिल्हा ठाणे
३० मे २००३

साक्षीदार
१. रत्ना नवसू भोईर, शेजारीण
२. शेखर महिपत वेखंडे. सही केली म्हंजे पटलं असं नाय. लायसन्सचं घरी गेल्यावर बघतो. घाटात सांभाळून जा.