कंट्रोलचे गहू आणि कच्चं बिल

प्रिय आई,

सोमवारी सकाळी पोलोग्राउंडच्या वर्कशॉपचं शटर उघडून उदबत्ती लावत होतो, तोच शेठजी आले. सांवेर रोडवर त्यांची फॅक्टरी आहे, माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. म्हणाले, "भिया, साल भर का काम ले लो, पर बिल कच्चा! टैक्स किसके लिए भरते हो? मुफ़्त का गेहूँ खाने वालों के लिए?"

कच्चं बिल म्हणजे कागदावर नोंद नाही, कर चुकवायचा. मी "सोचके बताता हूँ" म्हणालो. माझ्या दोन कारागिरांचे पगार त्याच कामावर चालतात. दोन दिवस हिशेब मांडून पाहिला. आज तुला लिहायला बसलोय.

आई, फुकटचे गहू खाणारा मीच ना गं? बाबा गेल्यावर मानपूरजवळच्या आपल्या गावात कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, रांगेत तू उभी राहायचीस. त्या स्वस्त गव्हावर माझी शाळा झाली.

त्या गव्हाच्या पिठातूनही तू आधी गायीची चानकी, तिच्या वाट्याची पोळी, लाटायचीस. मी चिडायचो, "आपल्यालाच पुरत नाही, गायीला कशाला?" तू म्हणायचीस, "लहान करीन रे, पण चुकवणार नाही."

एक विचारू? तुझे एवढे उपास कुठल्या देवाचे होते? मला तेव्हाच का नाही सांगितलंस, की तुझ्या वाट्याला पोळीच उरत नाही?

शेठजींचं सगळंच खोटं नाही. कराच्या ओझ्याने छोटे कारखाने बंद पडले, तर सरकारी गोदामं तरी कशाने भरणार? कर कमी करा, असं सरकारला उजळ माथ्याने सांगावं. मीही सांगेन. पण चोरून वाचवलेला कर कुणाच्या ताटातून जातो, हे मला ठाऊक आहे. ते ताट माझंच होतं!

आज पूजा आटोपून थेट शेठजींकडे गेलो. म्हटलं, "भाव थोड़ा कम कर दूँगा, पर बिल पक्का ही बनेगा."

ते हसले. "अरे, आप तो महात्मा हो गए!" आणि माझ्यादेखत दुसऱ्याला फोन लावला.

काम गेलं, आई. उद्यापासून नवं काम शोधत दारोदार फिरेन, पण माझ्या दोन्ही कारागिरांच्या घरी तुझ्यासारखे उपास घडू देणार नाही. वर्कशॉपवर परतल्यावर त्यांनाही हाच शब्द दिला.

तुझा,
सदा