एक्केचाळीसची पाटी

४ नोव्हें., मंगळ.
सकाळीच भैयाजींच्या मुलीचा, रेवतीचा फोन, पुण्याहून. "काका, जागेचा व्यवहार ठरला. एकतीस डिसेंबरला रिकामी करून द्यायची आहे." भैयाजी गेल्यावर तीन वर्षं तिनं हे एकटीनं ओढलं. तिला काय बोलणार? त्यांची राइस मिल बंद, मिलमागचं नॅरोगेजच्या छोट्या गाडीचं संग्रहालय नावापुरतं. मी त्याचा मानद सचिव. मान किती ते गेल्या महिन्यात दिसलं. चार माणसं आली, त्यातली दोन पाणी मागायला.

हलवायचं ते असं: वाफेचं इंजिन एक, डबे दोन, गार्डाचा डबा एक, ढकलट्रॉली एक. कंदील, झेंडे, तिकिटांचं कपाट वेगळं.

डोमाजींना सांगितलं. जन्मभर रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये फिटर, निवृत्तीनंतर इथले एकुलते एक कर्मचारी. मंगळवार त्यांचा इंजिनाला तेल द्यायचा दिवस. तेलाची कुपी हातात तशीच धरून ऐकलं.
"बाकीचं जाईन कोनाकडं ना कोनाकडं. इंजिन कोन नेईन, भाऊ?"
तेच तर.

७ नोव्हें.
दिवसभर पत्रं. मजकूर एकच, वरचं नाव बदलून. शाळा, क्लब, संग्रहालयं, ज्यांनी कधी आपलं पत्रक मागवलं होतं ते सगळे. पाचच्या आत टपालात टाकायची म्हणून धावलो. सुनंदा म्हणाली, "पेपर सोडून आठ वर्षं झाली. अजून पाच वाजले की बायको दिसत नाही, घड्याळ दिसतं." खरं आहे.

१३ नोव्हें.
अड्याळ. बाजाराचा दिवस निघाला, अर्धा तास गाडी टोपल्यांमध्ये उभी. शाळेच्या मुख्याध्यापिका उत्साही. चांगला डबा वाचनालयासाठी हवा. "पण चाकं काढून द्या सर. खाली कुत्री संसार थाटतील." मुलांमध्ये खिडकीवरून भांडणं आत्ताच सुरू झाली म्हणे.

गळका डबा महामार्गावरचा ढाबेवाला नेतो. आत टेबलं टाकणार. भैयाजींना आवडलं नसतं. हो म्हणून टाकलं.

१५ नोव्हें.
ट्रॉली आणि कंदील जवाहरनगरला. कॉलनीतली निवृत्त मंडळी. त्यांनी पावती मागितली, शिक्क्यासकट. आमचा शिक्का शोधण्यात दुपार गेली. तिकिटांच्या कपाटात सापडला, शाई वाळलेली. थुंकी लावून उठवला.

१९ नोव्हें.
कारध्याचे मासेमार आले, सोसायटीचे अध्यक्ष शालिकराव पुढे. गार्डाचा डबा आत-बाहेर पाहिला, वाकून खालून पाहिला.
"पान्यात कोरडा रायते का, भाऊ?"
"राहतो."
"मंग जाळे ठेवाले बरा हाय. याच्यात गार्ड बसे, आता झिंगे बसन."
डोमाजी कडाडले, "झिंगे ठेवाचे असन तर नको नेऊ! वास जात नाई जन्मभर."
"बरं बाप्पा, जाळेच ठेवतो. कोरडे करून ठेवतो. आनखी काही?"
"दाराले वर्षातून एकदा तेल."
"तुमीच या ना मग. जेवून जाजा."
पुष्कळ दिवसांनी डोमाजी हसले.

२२ नोव्हें.
भंगारवाला येऊन गेला. रेवतीनं आधीच सांगून ठेवलं होतं मला: इंजिनाला जागा मिळाली नाही तर एकतीसला त्याला द्यायचं, दुसरा इलाज नाही. त्यानं बॉयलरवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, कलिंगड घेतो तसं. "इथंच कापून नेतो. ट्रेलरची भानगड नको."
डोमाजींनी त्याला चहा विचारला नाही. या आवारात आलेल्या माणसाला त्यांनी चहा न विचारल्याचं मी प्रथमच पाहिलं.

२७ नोव्हें.
फोन! नागपूरहून, एका खाजगी संग्रहालयाचे देशकर. पत्राबरोबर मी माझा जुना लेख जोडला होता, रविवार पुरवणीतला: वैनगंगेच्या पुरात रस्ते तुटले तेव्हा धान्याची गाडी ओढून नेणारं इंजिन, नंबर एक्केचाळीस. त्यांना तेच हवंय. शेड घालणार, रूळ टाकणार, ट्रेलर-क्रेनही त्यांचंच.
डोमाजींना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले, आणि लगेच चाकाकडे वळले.
तेल आज द्यायचं नव्हतं. गुरुवार आहे.

१ डिसें.
देशकरांची चिठ्ठी. एक औपचारिकता. पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून अंगावर ठोकलेले नंबर पाहतात. दोन्ही बाजूंचे चाकं जोडणारे दांडे आणि खालची चौकट. रंग खरवडून फोटो पाठवायचे.

२ डिसें., मंगळ.
मी खरवडत होतो. डोमाजी बाजूला बसून. मदतीला येत नव्हते, ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.
डावा दांडा: ४१. स्पष्ट.
उजवा: २७.
मला वाटलं माझा चष्मा. पुसून पाहिला. मग चौकट खरवडली. २७.
"डोमाजी, हे काय?"
त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली. मग: "एक्केचाळीस कापली होती भाऊ, भैयाजी येच्या पयले. थे पेढे घेऊन आले शेडमंदी. म्हने मले एक्केचाळीसच पायजे, लहानपनी तिच्यातच बसलो. कोन सांगन त्याईले? पाटी खिळ्याले टांगून होती. सत्तावीसले लावून देली."
"आणि डावा दांडा?"
"थो एक्केचाळीसचाच हाय. आमच्या शेडची रीत होती. इंजिन कापलं का त्याचा एक पार्ट दुसऱ्याले लावाचा. लहान असो का मोठा. म्हंजे थे चालूनच रायते."
"मग पुराच्या वेळी कोण होतं? सत्तावीस?"
"एक्केचाळीसच होती थे. सत्तावीस शेडमंदीच उभी होती. बॉयलर गळे तिचा."

३ डिसें.
लेख काढून पाहिला. दीड पान. शनिवारी दुपारी तीनला बसलो, पाचला दिला. नंबर पाटीवरून, पूर भैयाजींच्या तोंडून. डोमाजी तेव्हा वीस पावलांवर ग्रीस लावत होते. त्यांना एक प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागली असती. शिकाऊ वार्ताहरांना मीच सांगायचो, बाजूला उभा असलेल्याला विचारा, समोरचा बोलतच असतो.
संग्रहालयाचं पत्रक त्याच लेखावरून. फलक पत्रकावरून. शाळांच्या सहलींना मी स्वतः वीसेक वेळा पूर सांगितला असेल, हातवारे करून.

५ डिसें.
डोमाजी दाराशी. आत येईनात. "डाव्या बाजूचाच फोटो पाठवा ना भाऊ. एक्केचाळीस लिहून हाय त्याच्यावर. खोटं थोडी हाय?"
"चौकटीचाही मागितलाय."
"गंजला म्हना. नंबर दिसून नाई राहिला म्हना. तिकडं गेल्यावर कोन पायते? नाईतर थो गॅस कटर घेऊन बसलाच हाय. बावीस वर्सं तेल देलं मी तिले. कापाले देलं?"
मी म्हटलं, चहा घ्या. न घेता गेले.

६ डिसें.
डाव्या दांड्याचा फोटो फारच चांगला आलाय. ऊन नेमकं आकड्यांवर. त्या एका फोटोवर काम होऊन जाईल.

७ डिसें.
सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं मेथी निवडता निवडता ऐकलं. "तिथं गेल्यावर मुलांना पूर कोण सांगेल?"
"त्यांचा कोणी तरी."
"तुमचा लेख वाचून?"
मेथीच्या काड्या उचलून गेली.

८ डिसें.
तिन्ही फोटो पाठवले. सोबत पत्र: पाटी, पेढे, दांडा, शेडची रीत, माझा लेख. सगळं. दोन परिच्छेदांत बसलं. शेवटी विनंती केली की सत्तावीस म्हणूनच घ्या, तिची स्वतःची गोष्ट डोमाजींना माहीत आहे, मी लिहून देतो. विनवणीची दोन वाक्यं जास्त झाली होती. खोडली.

९ डिसें., मंगळ.
डोमाजी आले, तेल दिलं, गेले. बोलले नाहीत. मी पाठवलं हे त्यांना कसं कळलं? विचारलं असतं तर सांगितलंच असतं मी. विचारलं नाही.

११ डिसें.
देशकर फोनवर. सभ्य माणूस, आवाज चढला नाही. "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण आम्हाला इंजिन नको होतं, आम्हाला एक्केचाळीस हवं होतं." समितीपुढे ठेवतात. समिती महिनाअखेर भेटते.
"एकतीसला आमच्याकडे—"
"कल्पना आहे मला."

१३ डिसें.
गार्डाचा डबा कारध्याला. क्रेन मिळेना, धानाचा सीझन, जो तो पोती उचलण्यात. शेवटी दोन ट्रॅक्टर, लाकडाचे ओंडके आणि शालिकरावांची चाळीस माणसं. पुलावर ट्रक दोन तास तुंबले. एक ड्रायव्हर उतरून शिव्या देत आला आणि दहा मिनिटांनी तोच दोर ओढत होता. नदीच्या बाजूनं दार ठेवलं. बायकांनी डब्याला हळदकुंकू लावलं. डोमाजींनी दाराला तेल दिलं, चारदा उघडून लावून पाहिलं.
परतताना माझ्या गाडीत बसले. निम्मा रस्ता मागे पडला. मग, "सत्तावीस वाईट नव्हती, भाऊ. थंडीत सुरू व्हाले त्रास दे. एकदा तापली का मंग मागं पाहे नाई."
एवढंच. पण बोलले.

१८ डिसें.
शाळेचा डबा अड्याळला पोचला, चाकांशिवाय. ढाब्याचा कालच गेला. आवारात आता इंजिन एकटं. एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं. की लहान?

२१ डिसें.
आठ ठिकाणी पुन्हा फोन. शाळा म्हणते वजन. नगरपालिकेतले म्हणतात नवीन वर्षात बघू. कॉलनी म्हणते एवढं मोठं नको, आणखी एखादा कंदील आहे का. रेवतीला विचारलं, आठ दिवस जास्त? ती रडली फोनवर. करार झालाय, तिच्या हातात नाही. मीच तिची समजूत घातली.
लेखाची दुरुस्ती माझ्या जुन्या पेपरला पाठवली, वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी. संपादक नवीन आहे. "सर, एवढ्या जुन्या लेखाची दुरुस्ती? कोणाला आठवतो?" म्हटलं, मला.

२३ डिसें., मंगळ.
तेल. मी कुपी धरली, डोमाजी चाकाखाली. सत्तावीसची गोष्ट सांगत होते, मी टिपून घेतली. शौर्य वगैरे काही नाही त्यात. लाकडं, धान, बाजारहाट, एकदा रुळावर म्हैस. एका स्टेशनमास्तरची वरात तिच्यामागच्या डब्यात होती आणि गळत्या बॉयलरमुळे मुहूर्त चुकला. त्याची बायको अजून डोमाजींच्या घरावरून जाताना इंजिनाची खबर विचारते म्हणे. हसून हसून त्यांचा ग्रीसचा हात कपाळाला लागला.
देशकरांना हीच पानं पाठवली. लेख म्हणून नाही. जशी टिपली तशी.

२६ डिसें.
उत्तर नाही.

२८ डिसें.
भंगारवाल्याचा निरोप: एकतीसला सकाळी माणसं येतील.
देशकरांचं कार्यालय म्हणतं समिती तीसला दुपारी. नक्की का? "सहसा होते."
ओळखीच्या ट्रेलरवाल्याला तीस-एकतीस दोन्ही दिवस बांधून ठेवलं. क्रेनही, धानाची पोती बाजूला ठेवायला लावून. तो पत्ता मागतो, कागदावर लिहावा लागतो. म्हटलं, रकाना रिकामा ठेव.

३० डिसें., मंगळ.
सकाळपासून फोन खिशात नाही, हातात. चार वाजले. पाच वाजले. आयुष्यभर पाचनंतर काही येत नाही असं धरून जगलो.

डोमाजी दुपारीच आलेले, पान्यांची पिशवी घेऊन. पाटी काढली. चार बोल्ट, एक गंजलेला, पण निघाला. पुसून माझ्या हातात दिली. "एक्केचाळीस तुमी ठेवा. सत्तावीसले सत्तावीस म्हनूनच जाऊ द्या, कुठंई."
मग तसेच बसून राहिले.
मला त्यांची रीत आठवली. सकाळी माणसं येणार. मीच म्हटलं, "डोमाजी, एखादा पार्ट काढून ठेवा. लहानसा. कारध्याच्या डब्याला लावता येईल."
पिशवीतून पाना काढला. इंजिनाजवळ गेले. डाव्या दांड्याजवळ थांबले, मग उजव्या. दांड्यावरच्या छोट्या तेलवाटीच्या झाकणाला पाना लावला. मी दुसरीकडे बघितलं.
आवाज आला नाही म्हणून वळलो. पाना पिशवीत परत गेला होता.
"कापल्यावर काढाचा असते भाऊ. अजून कापली कुठं तिले?"
पिशवीतून तेलाचा डबा काढला आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली. मंगळवार होता.

साडेसहा. पाटी टेबलावर आहे, वहीशेजारी. फोन तिच्यावर ठेवलाय.